बिनलसणाचा जुप्पा

सकाळी साडेसहाला श्रद्धाने सोललेला पाव किलो लसूण ज्वारीच्या पिठाच्या डब्यात पुरला आणि मग तिच्या लक्षात आलं, की कांदे-बटाट्यांचं काय करायचं हे आपण ठरवलेलंच नाही. दोन किलो कांदे, तेवढेच बटाटे, किलोभर गाजरं. एवढा ऐवज पिठाच्या डब्यात मावणारा नव्हता. कांदे-बटाटे तिने गुपचूप पोत्यात परत ओतले. गाजरं मात्र सासूबाईंनी काल स्वतः निवडून टोपलीत काढली होती. ती तिने पदराखाली धरून गोठ्यात नेली आणि म्हशीपुढे टाकली. म्हशीने कसलीही चौकशी न करता ती खाल्ली. त्या दिवशी त्या घरात श्रद्धाला प्रश्न न विचारणारी ती एकटीच.

हा सगळा खटाटोप जुप्प्यासाठी चालला होता. पाटणच्या अलीकडच्या ह्या गावात घरटी एक माणूस फौजेत, आणि श्रद्धाच्या सासरी तर तीन पिढ्या. तिचे आजेसासरे, ज्यांना सगळं गाव तात्या म्हणायचं, दुसऱ्या महायुद्धात इटलीला गेले होते. तिथे डोंगरात, बर्फात, पाय मुरगळून ते तुकडीच्या मागे राहिले आणि एका म्हातारीने त्यांना तेरा दिवस आपल्या घरात लपवून ठेवलं. ती रोज घेवड्याचं दाट कालवण करायची आणि त्यात शिळा पाव कुस्करून द्यायची. तिच्या भाषेत त्याला झुप्पा म्हणायचे. तात्यांबरोबर पाटणपर्यंत येता येता त्याचा जुप्पा झाला. तात्या परत आले तो पौष महिना होता, म्हणून दर पौषातल्या दुसऱ्या रविवारी ते स्वतः चुलीपुढे बसायचे. तिकडचा घेवडा आपल्या वाघ्या घेवड्यासारखाच ठिपक्यांचा असतो, असं सांगायचे. पावाच्या जागी शिळी भाकरी आली, तिकडच्या तेलाच्या जागी वरून कच्चं शेंगतेल आलं. कांदा, लसूण, गाजर, बटाटा, टोमॅटो आणि कोथिंबिरीच्या काड्या हे मात्र ठरलेलं. मटणाशिवाय ज्या घरात कुठली जत्रा पार पडली नाही, त्या घरात ह्या एका भांड्यात कधी हाड पडलं नव्हतं. का, ते कुणी विचारलं नाही. तात्या तसं करायचे म्हणून तसं.

तात्यांना जाऊन तीस वर्षं झाली, तरी त्या रविवारी पुण्या-मुंबईपासूनची चाळीस-पंचेचाळीस माणसं गोळा होतात. एकच भांडं चढतं, आणि त्या दिवशी छपराखाली असलेल्या प्रत्येकाने त्यातला घास घ्यायचा. वेगळं ताट नाही, वेगळी वाटी नाही. "ज्यानं जुप्पा खाल्ला त्यो घरचा," असं सासऱ्यांच्या थोरल्या बहीण राहीबाई दरवर्षी म्हणायच्या, आणि म्हणताना त्यांची नजर हटकून श्रद्धाकडे वळायची.

कारण श्रद्धाने तो अजून खाल्लेला नव्हता. ती सांगलीची, विश्रामबागेतली, जैनाची पोरगी. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा-गाजरासारखं कुठलं कंदमूळ नाही. लग्नानंतरच्या पहिल्या पौषात तिने उपवास सांगितला, दुसऱ्या पौषात बँकेची परीक्षा. तिसऱ्या वर्षी सांगायला काही उरलं नव्हतं. त्यात सासूबाई, बनुबाई, ज्यांना ती आत्या म्हणायची, पंधरा दिवसांपूर्वी गोठ्यात घसरल्या आणि मनगट मोडून बसल्या. "औंदा जुप्पा आमच्या सुनंच्या हातचा," असं त्यांनीच फोन करकरून सगळ्या पाहुण्यांना कळवून टाकलं.

एवढंच असतं तरी तिने श्वास रोखून सगळं रीतसर फोडणीला घातलं असतं आणि आपल्यापुरता काहीतरी बहाणा शोधला असता. पण ह्या वर्षी तिचे वडील येणार होते.

भरतेश पाटलांचं कुपवाडला पंपाचे सुटे भाग तयार करायचं छोटं वर्कशॉप. मुलीने फौजेतल्या मराठा पोराशी लग्न केलं तेव्हा ते ओरडले नाहीत, अडवायला गेले नाहीत. फक्त बोलायचे थांबले. दोन वर्षं तिने घरी फोन केला की आईच उचलायची आणि मागे पप्पांचं खोकणं तेवढं ऐकू यायचं. गेल्या दिवाळीनंतर सासरे लालासाहेब कुणाला न सांगता एसटीने कुपवाडला गेले, वर्कशॉपच्या दारात लोखंडाच्या किसात दोन तास बसून राहिले आणि "पाव्हणं, पौषात येताय," एवढं कबूल करून घेऊनच उठले. मग एका संध्याकाळी पप्पांचा फोन आला. दोन वर्षांनंतरचा पहिला.

"येतो म्हणालोय मी," ते म्हणाले. "दिवस मावळायच्या आत होतंय नव्हं जेवण?"

"पाचला पंगत बसते, पप्पा."

"आणि त्यात काय काय असतंय?"

खरं सांगायची तीच वेळ होती. पण त्या आवाजासाठी ती दोन वर्षं झुरली होती आणि एका शब्दाने तो पुन्हा बंद होईल अशी तिला भीती वाटली.

"घेवडा असतो. टोमॅटो, भाकरी."

"कांदा-लसूण?"

"नाही."

"कंदमूळ?"

"काही नाही, पप्पा. आपल्यासारखंच असतं सगळं."

त्या वाक्यानंतर आठ दिवस तिला घास गोड लागला नाही. साईराज, तिचा नवरा, ह्या वेळी घरी असता तर निदान बोलायला माणूस होतं. पण त्याची रजा ऐनवेळी रद्द झाली होती आणि सरहद्दीवरून दोन दिवसांतून एकदा फोन लागायचा. "अगं, पप्पांचा वेगळा डबा कर आन मोकळी हो," तो म्हणाला. "तुझ्या आईला वेगळा डबा चालेल?" तिने विचारलं. "न्हाई चालायचा," तो म्हणाला, आणि फोन कटला. वेगळा डबा म्हणजे पप्पा घरचे नाहीत असं चाळीस माणसांपुढे जाहीर करायचं, आणि पप्पांना ते कळल्याशिवाय राहायचं नाही. मग श्रद्धाने ठरवलं, की अख्खं भांडंच आपल्यासारखं करायचं आणि कुणाला कळू द्यायचं नाही. घाबरलेल्या माणसाला जगातल्या सगळ्यात अवघड गोष्टी सोप्या वाटतात, त्यातला हा प्रकार.

घेवडा छान शिजला. टोमॅटो, दुधी, कोथिंबिरीच्या काड्या, जिरं, मिरं पडलं. लसणाची उणीव भरून काढायला हिंग सढळ हाताने पडला. रात्रीची शिळी भाकरी पप्पांना चालणार नव्हती, म्हणून सकाळीच ताज्या भाकरी थापून तिने त्या तव्यावर कडक करून घेतल्या, म्हणजे दिसायला शिळ्या दिसाव्यात. चव बघायला पळीभर तळहातावर घेतलं, पण बघणार कशी? जो पदार्थ तिने जन्मात खाल्ला नाही तो बरोबर झालाय की बिघडलाय, हे तिला कसं कळावं? मीठ बरोबर होतं, एवढंच तिला सांगता आलं असतं.

दहा वाजता बनुबाई प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून भांड्यापाशी आल्या.

"लसूण किती घातलास?"

"पाव किलो, आत्या."

"चिरून का ठेचून?"

"ठेचून."

"मग वास कसा न्हाई सुटला?"

"अजून उकळायचाय, आत्या." खोटं बोलणं श्रद्धाला कधी जमायचं नाही. त्या दिवशी मात्र सरावाने हात बसत चालला होता, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटू लागली. बनुबाई भांड्यात डोकावल्या, नाक ओढलं आणि गेल्या. लगोलग त्यांनी ओसरीवरून हुकूम सोडला, की ठेच्याला मिरच्या भाजायला घ्या. त्या ठेच्याने घर वाचवलं. दुपारपर्यंत मिरची-लसणाचा वास असा काही कोंदला, की भांड्यात काय आहे नि काय नाही हे कुणाच्या नाकाला समजलं नसतं.

बाराला कराडहून नणंद आली, रेश्मा. मोठ्या मनाची आणि हाताने चपळ. आल्या आल्या तिने पदर खोचला. "व्हय बाजूला, एकटीनं किती मरशील," म्हणाली. श्रद्धाने तिला भांड्यापासून लांब ठेवायला भाकरीला बसवलं. तेच चुकलं.

चारच्या सुमाराला गाडी दारात आली. पप्पा उतरले. केस बरेच पिकले होते. आईने, गुणमालाने, उतरल्या उतरल्या लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. पप्पांनी मात्र आधी घराकडे बघितलं, मग डोंगराकडे, मग तिच्याकडे. "बरी आहेस ना?" एवढंच. श्रद्धाने मान हलवली. लालासाहेबांनी "या पाव्हणं" म्हणून हात धरला, पप्पांनी "जय जिनेंद्र" केलं, आणि दोघं ओसरीवर ऊस आणि पाण्याच्या गोष्टींना लागले. गुणमालाचं त्या दिवशी एकाशन होतं. दिवसातलं एकमेव जेवण ती घरीच करून आली होती, तेव्हा तिच्या ताटाचा प्रश्न नव्हता. उरले पप्पा.

"किती वास सुटलाय गं मिरचीचा," गुणमाला म्हणाली. "ह्यांना बाई त्याचं सुख. करोनात गेलेला वास अजून परत आला नाही. परवा दूध जळून कोळसा झालं तरी शेजारी पेपर वाचत बसले होते."

पाच वाजता अंगणात पंगत बसली. थंडी होती, कोवळं ऊन डोंगराच्या खांद्यावर टेकलं होतं. रेश्माने वाटप घेतलं आणि श्रद्धा पाण्याचा तांब्या घेऊन रांगेतून फिरू लागली. रीत अशी, की घरातल्या थोरल्याने तात्यांचं आणि त्या म्हातारीचं नाव घ्यायचं. तात्या तिला नोना म्हणायचे. मग पहिला घास सगळ्यांनी एकदम घ्यायचा. लालासाहेब उभे राहिले. श्रद्धा राहीबाईंच्या फुलपात्रात पाणी ओतत होती, आणि त्यांच्या वाटीत तिला तांबूस कडेची लसणाची एक पाकळी तरंगताना दिसली.

शेजारच्या वाटीत दोन होत्या.

तिच्या हातातलं पाणी राहीबाईंच्या लुगड्यावर सांडलं. रेश्मा लगबगीने तिच्याजवळ आली आणि कानाशी लागून म्हणाली, "भाकरीला पीठ काढताना सापडला गं लसूण. गडबडीत पडला असंल आन तू इसरलीस. चव घेतली तर लसनाचा पत्ताच न्हाई. तू भाइर गाडीपाशी हुतीस तवा दिली झकास फोडनी. कुनाला बोलले न्हाई, घाबरू नगंस." आणि तिने श्रद्धाचा दंड मायेने दाबला.

समोरच्या रांगेत पप्पांनी वाटी हातात घेतली होती.

त्या दोन-चार क्षणांत श्रद्धाने जो विचार केला त्याची तिला पुढे कित्येक दिवस लाज वाटली. पप्पांना वास येत नाही. लसणाची चव त्यांना ठाऊकच नाही. आई लांब बायकांत बसली आहे. आपण गप्प बसलो तर पप्पा खातील, लालासाहेब सुखावतील, राहीबाईंचं तोंड बंद होईल, आणि पप्पा घरचे होऊन सांगलीला जातील. कुणाला कधी कळणार नाही. आठ दिवस ज्यासाठी जीव टांगणीला लागला होता ते सगळं एका गप्प बसण्यात मिळणार होतं. आणि पन्नास वर्षं ज्या माणसाने लग्नाकार्यात, दवाखान्यात, परगावी उपाशी राहून एक नेम पाळला, त्याचा नेम त्याच्या लेकीने, त्याच्या नकळत मोडलेला असणार होता.

"तात्यांच्या नावानं," लालासाहेब म्हणाले. "नोनाच्या नावानं."

चमचे उचलले गेले.

"पप्पा, थांबा!" श्रद्धा एवढ्या मोठ्याने ओरडली की वेलीवरच्या चिमण्या उडाल्या. "खाऊ नका. त्यात लसूण आहे."

चाळीस चमचे हवेत राहिले. भरतेश पाटलांनी वाटी हळूच खाली ठेवली.

"नाही म्हणाली होतीस," ते म्हणाले.

"खोटं बोलले मी." एकदा तोंड उघडल्यावर तिला थांबता येईना. "दरवर्षी असतो लसूण. कांदा, बटाटा, गाजर, सगळं असतं. तुम्ही यावं म्हणून नाही म्हणाले. आणि आज इथं कुणाला न सांगता मी ते सगळं काढून टाकलं. रेश्माताईंना वाटलं मी विसरले, त्यांनी मला सांभाळून घ्यायला लसूण घातला. त्यांचं काहीच चुकलं नाही. मीच दोन्हीकडं खोटं बोलले."

"म्हंजे आमाला बिनलसनाचा जुप्पा घालनार हुतीस?" राहीबाई ताडकन म्हणाल्या. "तात्याच्या पंगतीत?"

"आन मी निवडल्याली गाजरं?" बनुबाईंनी विचारलं.

"म्हशीला घातली, आत्या."

पलीकडे कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. बनुबाईंचा चेहरा दगडासारखा झाला. ओरडल्या असत्या तर बरं, असं श्रद्धाला वाटलं. रेश्मा तोंडावर पदर धरून रडत होती. आणि पप्पा उठून उभे राहिले होते.

"आम्ही निघतो," हात जोडून ते लालासाहेबांना म्हणाले. आवाजात राग नव्हता. तोच दोन वर्षांपूर्वीचा, दार लावून घेणारा शांतपणा होता. "तुमच्या वर्षाच्या घासात आमची अडचण नको. चूक आमच्या मुलीची आहे." गुणमाला उठली. श्रद्धाला कळून चुकलं, की हे आता गेले म्हणजे गेले. ती तिथेच तांब्या धरून खाली बसली.

"पाव्हणं," लालासाहेब म्हणाले, "एक गोष्ट ऐका आन मग जावा. अडवनार न्हाई." त्यांनी आपली भरलेली वाटी बाजूला सारली. "तात्या मरायच्या आधी मला एकट्याला बोलल्यात. कुनाला सांगू नगंस म्हनले हुते. पन मी सत्तरी वलांडली. आता कोन माजं कोर्ट मार्शल करनार?"

ते मांडी घालून खाली बसले.

"त्या म्हातारीच्या घरी पैले तीन दिस तात्यानं जो जुप्पा खाल्ला, त्यात हाडं हुती. बैलाची. गोळा पडून तिचा बैल मेला हुता, आन तेच्यावर ती दोन नातवंडं जगवत हुती. तात्याला काय ठावं? भुकेला मानूस, वाटीवर वाटी वडली. चौथ्या दिशी गोठ्यात गेला आन शिंगं बघितली."

"लाला!" राहीबाई किंचाळल्या. "जीभ झडंल तुजी! बापाच्या नावाला—"

"आक्का, गप बस. तात्या रडला. एक दिस पान्यावर काढला. म्हातारीला वाटलं, आजारी पडला. मग तिनं डोस्क्याला दोन बोटं लावून शिंगं केली आन इच्यारलं, ह्येच्यामुळं? तात्यानं कान धरलं. ती काय हासली न्हाई, का रागावली न्हाई. ते भांडं तिनं पोरांपुढं ठेवलं आन दुसरं चढवलं. नुस्ता घेवडा, पाला, शिळा पाव. घरात मूठ-मूठ करून ठेवल्याला घेवडा हुता, त्यो बियान्याचा. पुढल्या पेरनीचा. त्यो तिनं नऊ-धा दिस परक्या सोजराला शिजवून घातला." लालासाहेब खाकरले. "गावात कळलं तर वाळीत टाकत्याल म्हनून तात्या जलमभर बोलला न्हाई. आन आमी शानी मानसं. आमी काय राखलं? गाजरं किती आन लसूण किती. जेला चालत न्हाई तेला इच्यारून दुसरं भांडं चढवायचं, ह्येच खरं तर हितं शिकल्यालं हुतं. त्येच इसरलो."

राहीबाई पदराने डोळे पुसत होत्या, आणि ते बापाच्या बैलासाठी की म्हातारीच्या बियाण्यासाठी, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. पप्पा अजून उभेच होते. श्रद्धा त्यांच्या पावलांकडे बघत होती. आता ती दाराकडे वळतील, आता वळतील.

पप्पांनी मोबाइल काढून बघितला.

"सहा चौदाला मावळतो," ते म्हणाले. "पाच वीस झालेत."

बनुबाई उठल्या. "परसात वल्या पावट्याचा येल लदलाय," त्या कुणाकडेच न बघता म्हणाल्या. "कुकरला पंधरा मिनटात शिजंल. रडत बसू नगंस रेश्मा, पाटी आन." आणि पाटी आली तशी पंगतीतल्या चाळीसही माणसांपुढे शेंगा ओतल्या गेल्या. रिटायर सुभेदार, पुण्याचे इंजिनियर, मुंबईच्या वहिन्या, सगळे हातातले चमचे ठेवून पावटा सोलायला बसले. वाट्यांतला जुप्पा गार होत होता, पण आधी पाहुण्यांचं होऊ दे म्हणून कुणी त्याला हात लावला नाही. पप्पाही सोलायला बसले. ते प्रत्येक शेंग उघडून, उजेडाकडे धरून, आत अळी नाही ना बघूनच दाणा टाकत होते. "पाव्हणं, ह्या हिशेबानं उद्याचा दिस मावळंल," लालासाहेब म्हणाले. पप्पांनी पुढची शेंगही तशीच उजेडाकडे धरली.

स्वयंपाकघरात गुणमालाने कुकर स्वतः घासून घेतला, पाणी फडक्याने गाळून घातलं. बनुबाई एका हाताने टोमॅटो पुढे सरकवत होत्या. श्रद्धाकडे त्यांनी बराच वेळ बघितलं नाही. शिट्टी झाल्यावर मात्र त्यांना राहवलं नाही.

"मला सांगायचं हुतंस," त्या म्हणाल्या. "मी काय गिळलं असतं व्हय तुला?"

श्रद्धा भाकरी काढायला वळली. खरं उत्तर 'हो, तसंच वाटलं होतं' हे होतं.

सूर्य तोवर डोंगराआड गेला होता आणि अंगणात सावली आली होती. "मावळला की वो," राहीबाई हळहळल्या. "डोंगराआड गेला म्हणजे मावळला नाही, आत्याबाई," पप्पा म्हणाले. "अजून नऊ मिनिटं आहेत." गडबडीने कडक भाकरी कुस्करली, वरून शेंगतेल पडलं, वाटी पुढे आली. लालासाहेबांनी पुन्हा दोन्ही नावं घेतली. पप्पांनी घास घेतला. त्यांच्या शेजारी, त्याच भांड्यातली वाटी घेऊन, श्रद्धा बसली होती. तिने तिसऱ्या वर्षी जुप्प्याचा पहिला घास घेतला आणि तिला मीठ कमी लागलं. कुणी काही बोललं नाही, म्हणून तीही बोलली नाही.

पप्पांनी वाटी संपवली, तीत थोडं पाणी घातलं, बोटाने कडा धुतल्या आणि ते पाणी पिऊन टाकलं, घरी पितात तसं. पंगतीतली पोरं बघत राहिली. कणभरही वाया जाऊ द्यायचा नाही, म्हणून असं करतात, असं लालासाहेबांनी त्यांना सांगितलं. कुपवाडच्या त्या दोन तासांत लालासाहेबांना तेवढं कळलं असावं.

निघताना श्रद्धा गाडीपर्यंत गेली. आई आत बसली. पप्पांनी किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही. ते समोरच्या काचेकडे बघत राहिले. खाणं झालं, पाहुणचार झाला, पण खोटं तर आपण त्यांच्याशीच बोललो होतो. त्याचं काय करायचं हे लालासाहेबांच्या गोष्टीत नव्हतं.

"चुकले मी, पप्पा," ती म्हणाली.

"चुकलीसच," ते म्हणाले. "कालवणात लसूण आहे म्हणून सांगितलं असतंस, तर मी घरून डबा आणला असता, नाहीतर उपाशी बसलो असतो. पण आलो असतो की गं मी."

श्रद्धाला रडू फुटलं. पप्पांनी गाडी सुरू केली, मागे बघितलं, आणि मग काच आणखी थोडी खाली घेऊन, नेहमीच्या तुटक आवाजात म्हणाले, "पुढच्या वर्षी मी फोनवर विचारलं, की खरं सांग."